गॅसचा गीझर मोरीत नको, बाहेरच्या भिंतीवर हवा

थंडी पडू लागली की वस्तीतल्या दुकानांत गॅस गीझरची खोकी दारापर्यंत रचलेली दिसतात. चार-पाच हजार रुपयांत मिळणारी ही वस्तू आता चैनीची राहिलेली नाही. पहाटे पाचला धुण्याभांड्याच्या कामावर निघणारी बाई, सफाईच्या पाळीवर जाणारा माणूस, दहावीची शाळा गाठणारी पोर, सगळ्यांना एकाच तासात अंघोळ उरकायची असते. नळाला पाणीही तेवढाच वेळ असते. कळ फिरवली की दोन सेकंदांत गरम पाणी येते, विजेचे बिल वाढत नाही, लाईट गेली तरी अडत नाही. म्हणून घरोघरी गीझर आला, आणि ते चांगलेच झाले.

प्रश्न गीझर घ्यावा की नाही हा नाही. तो कोणत्या भिंतीवर बसवायचा, हा आहे. दुकानातून येणारा बसवणारा मुलगा पंधरा मिनिटांत काम उरकतो. नळाजवळ, मोरीच्या आतल्या भिंतीला दोन खिळे ठोकतो, पाइप जोडतो आणि पैसे घेऊन जातो. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात एखादी छोटी बातमी येते, की बाथरूममध्ये गुदमरून तरुणीचा मृत्यू झाला, नाहीतर नवविवाहित जोडपे बेशुद्ध सापडले. त्यांतल्या बऱ्याच बातम्यांच्या मुळाशी हे दोन खिळेच असतात. म्हणून या अंकात आम्ही एवढाच विषय घेतला आहे. गीझर आत का नको, बाहेर कसा लावायचा, आणि बाहेर जागाच नसेल तर काय करायचे.

मोरीतली हवा किती पुरते?

गीझरमध्ये पेटते ती आग लहान दिसते, कारण ती पत्र्याच्या डब्यात असते. मिनिटाला पाच-सहा लिटर पाणी गरम करणारा साधा गीझर स्वयंपाकाच्या शेगडीचे चार-पाच बर्नर एकदम मोठे केल्यावर लागेल तेवढा गॅस जाळतो. गॅस जळायला हवा लागते. या आकाराचा गीझर एका मिनिटात सुमारे २०० लिटर हवा खातो.

आता आपली मोरी मोजा. चार फूट बाय पाच फूट, उंची सात फूट. म्हणजे १४० घनफूट, साधारण चार हजार लिटर हवा. दार लावले, खिडकी बंद असली, तर दहा मिनिटांत गीझरने त्यातली निम्मी हवा वापरलेली असते. वापरलेली हवा जाते कुठे? तिथेच राहते. वाफ आणि कार्बन डायऑक्साइड होऊन ती पुन्हा त्याच बर्नरकडे येते. ऑक्सिजन कमी पडू लागला की गॅस पुरता जळत नाही. ज्योत निळ्याची पिवळी होते, आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होऊ लागतो. बर्नरमध्ये काजळी किंवा कोळ्याचे जाळे अडकले असेल, तर हा वायू त्याच्याही आधी सुरू होतो.

या वायूला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. सिलिंडरमधला गॅस गळला तर वास येतो, कारण त्यात मुद्दाम वासाचे द्रव्य मिसळलेले असते. जळून तयार झालेल्या या वायूत तसे काही नसते. "वास आला असता तर कळले असते" असे आपण म्हणतो, पण ते इथे लागू पडत नाही.

रक्तात काय घडते

आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन फुप्फुसातून ऑक्सिजन उचलते आणि मेंदू, हृदय, हातपाय यांना पोहोचवते. कार्बन मोनॉक्साइड याच हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. श्वास चालू असतो, छाती वर-खाली होत असते, पण रक्त ऑक्सिजन वाहून नेत नाही. आधी मेंदू आणि हृदय उपाशी पडतात.

हवेत हा वायू ०.१६ टक्के झाला, की वीस मिनिटांत डोके दुखते, गरगरते, मळमळते, आणि तिथेच राहिल्यास एक-दोन तासांत जीव जातो. ०.६४ टक्के झाला, तर एक-दोन मिनिटांतच चक्कर येते आणि अर्ध्या तासाच्या आत मृत्यू ओढवू शकतो. यात सर्वांत वाईट गोष्ट ही, की पहिला मार हातापायांच्या ताकदीवर आणि विचार करण्याच्या शक्तीवर बसतो. काहीतरी चुकते आहे असे कळेपर्यंत कडी काढायला हात उचलत नाही. म्हणूनच अशी माणसे दाराला लागून पडलेली सापडतात.

आपल्या देशातल्या मेंदूविकार तज्ज्ञांनी असे कितीतरी रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवले आहेत. अंघोळीला गेलेली तरुण मुलगी आत पडते, हातपाय झटकते, बाहेर काढल्यावर अर्ध्या तासात बोलू लागते. घरचे म्हणतात, फिट आली. मग मिरगीच्या गोळ्या सुरू होतात आणि वर्षानुवर्षे चालतात. लग्न ठरताना ती गोष्ट लपवावी लागते. काही घरांत "काहीतरी बाधा आहे" म्हणून भलतीकडेच नेले जाते. मूळ कारण मात्र मोरीच्या भिंतीवर टांगलेलेच राहते आणि उद्या त्याच मोरीत धाकटी बहीण अंघोळीला जाते. तेव्हा हे पक्के लक्षात ठेवा: फिट, चक्कर किंवा बेशुद्धी फक्त बाथरूममध्येच आली असेल, तर डॉक्टरांना आधी सांगायचे, "आमच्याकडे गॅसचा गीझर आहे आणि तो आत बसवलेला आहे."

सर्वांत जास्त धोका कुणाला?

वस्तीतल्या मोरीची खिडकी बोळाकडे उघडते आणि बोळातून दिवसभर माणसे जातात. म्हणून घरातल्या बायका-मुली खिडकीला गोणपाट लावतात, प्लास्टिक ठोकतात, झरोक्यात कापड कोंबतात. दाराखालच्या फटीलाही पायपुसणे लावतात. यात त्यांचा काही दोष नाही. आडोसा मिळणे हा त्यांचा हक्क आहे. पण आडोशासाठी बंद केलेली हीच मोरी हवेलाही बंद होते. त्यात केस धुवायचे म्हणजे पंधरा-वीस मिनिटे लागतात. पुरुष दोन तांबे अंगावर ओतून बाहेर येतात. मुली आणि सुना आत जास्त वेळ असतात, म्हणून विष त्यांनाच जास्त चढते.

गरोदर बाईला हा धोका दुप्पट समजावा. आईला थोडेसे डोके दुखून बरे वाटले, तरी पोटातल्या बाळाच्या रक्तात हा वायू जास्त वेळ टिकून राहतो. लहान मुले, म्हातारी माणसे, हृदयाचा किंवा रक्तक्षयाचा त्रास असलेले, यांनाही तो लवकर बाधतो. आपल्या बायकांमध्ये रक्त कमी असणे किती सर्रास आहे, हे वेगळे सांगायला नको.

एका खोलीच्या घरात तर मोरी म्हणजे खोलीचाच कोपरा. तिथे पडद्याआड गीझर लावला, तर पहाटे पहिली अंघोळ होताना बाकीचे घर झोपलेले असते. दारे-खिडक्या थंडीमुळे बंद. अशा घरात धोका अंघोळ करणाऱ्यापुरता राहत नाही.

बाहेर लावायचा तो कसा

उपाय साधा आहे. आग बाहेर राहील आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत येईल, अशी जोडणी करायची. मोरीच्याच भिंतीच्या बाहेरच्या अंगाला गीझर टांगला, तर भिंतीत एक भोक पाडून पाइप आत घेता येतो. मोकळ्या हवेत धूर निघून जातो.

पण बाहेर म्हणजे कुठेही नाही. वस्तीत आम्ही जे पाहतो त्यावरून काही गोष्टी सांगतो.

जागा खरोखर उघडी असावी. जिन्याखालचा कोनाडा, पत्र्याने चहूबाजूंनी बंद केलेली गॅलरी, चोरी होऊ नये म्हणून केलेले लोखंडी कपाट, या जागा दिसायला बाहेर असल्या तरी हवेच्या हिशेबाने आतच आहेत. चोरीची भीती असेल तर जाळीचा पिंजरा करा. जाळीतून हवा खेळते, पत्र्यातून नाही.

शेजाऱ्याची खिडकी पाहा. तीन फुटांच्या बोळात आपल्या गीझरचे तोंड समोरच्या घराच्या खिडकीसमोर आले, तर आपल्या अंघोळीचा धूर त्यांच्या पाळण्यापर्यंत जातो. गीझर अशा ठिकाणी लावा की वर आणि बाजूला खिडकी, झरोका नसेल. शक्य असेल तर धुराचा पाइप छपराच्या वर न्या. समोरच्या घराशी आधी बोलून घ्या, म्हणजे नंतर भांडण होत नाही.

पुनर्वसनाच्या इमारतीत राहायला गेलेल्यांनी डक्टबद्दल सावध राहावे. बाथरूमच्या खिडक्या ज्या अरुंद उभ्या पोकळीत उघडतात, तिथे गीझर टांगला तर धूर वर चढतो आणि वरच्या मजल्यांच्या बाथरूममध्ये शिरतो. त्यापेक्षा रस्त्याकडेची उघडी गॅलरी बरी.

पाऊस आणि वारा. वर फूटभर पुढे आलेला पत्रा किंवा छज्जा असावा. वाऱ्याच्या थेट झोतात ज्योत विझते. भिंतीचा आडोसा एका बाजूने चालेल, तीन बाजूंनी नको. गीझरच्या वर किंवा बाजूला ताडपत्री, प्लास्टिक, वाळत घातलेले कपडे नकोत. आपल्या वस्तीत एका घराची ठिणगी दहा घरांना पुरते.

सिलिंडर उभाच ठेवायचा, सपाट जमिनीवर, उन्हापासून आणि गीझरपासून दूर. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली उतरतो आणि खड्ड्यात, गटारात साचतो. म्हणून उघड्या गटाराला लागून सिलिंडर ठेवू नये. एकाच सिलिंडरला जोड काढून शेगडी आणि गीझर दोन्ही चालवण्याची पद्धत सर्रास आहे. गॅस एजन्सीच्या माणसाला दाखवल्याशिवाय ते करू नका. नळी आयएसआय छापाची, आतून तारेने मजबूत केलेली घ्या. साधी रबरी नळी बाहेर उन्हाने तडकते आणि उंदीर ती कुरतडतात. नळीवर छापलेली मुदत संपली की नळी बदला, मग ती दिसायला कितीही चांगली असो. महिन्यातून एकदा साबणाचे पाणी जोडांवर लावून बुडबुडे येतात का ते पाहा. काडी पेटवून कधीही पाहू नका.

लोक काय म्हणतात

बाहेर लावा म्हटले की पहिली हरकत येते, "पाइप लांब होतो, पाणी गार येते." अर्धा इंची पाइपमध्ये दहा फुटांना जेमतेम चारशे मिलिलिटर पाणी मावते. म्हणजे अर्धा तांब्या. तेवढे गार पाणी आधी बादलीत पडू द्या, नंतर त्यात गरम मिसळायचेच असते. दुसरी हरकत, "प्रत्येक वेळी बाहेर जाऊन चालू-बंद कोण करणार?" बहुतेक गीझर नळ उघडला की स्वतः पेटतात आणि बंद केला की विझतात. आतला नळच पुरतो. तिसरी हरकत, "आमच्या गीझरला वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय आहे." ती सोय असावीच, पण तिच्यावर विसंबू नका. वर दिलेला हिशेब पुन्हा पाहा. बंद मोरीत वीस मिनिटे फार झाली. शिवाय पहिला निघाला की दुसरा लगेच आत जातो. आधीच्याची खराब हवा त्याच्या वाट्याला येते.

"एक्झॉस्ट पंखा लावला आहे" असेही सांगतात. पंखा हवा बाहेर फेकतो, पण नवी हवा आत यायला वाट हवी. दाराच्या खालच्या भागात जाळी नसेल, तर पंखा उलट धूरच खाली ओढू शकतो.

ब्रिटनमध्ये १९९८च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार बाथरूममध्ये उघड्या ज्योतीचे, खोलीतली हवा वापरणारे गॅसचे यंत्र नव्याने बसवता येत नाही. तिथे जळायची हवा बाहेरून घेणारे आणि धूर बाहेरच सोडणारे बंद यंत्रच चालते. थंडी आपल्याहून कितीतरी जास्त, घरे घट्ट बंद, तरी त्यांनी हे ठरवले. आपल्याकडे वर्षातून तीन महिने थंडी. आपल्याला तर बाहेरची भिंत सहज वापरता येते.

बाहेर जागाच नसेल तर

काही घरांना चारही बाजूंनी दुसरी घरे लागून आहेत. काही जण भाड्याने राहतात आणि घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही. त्यांनी एवढे तरी पाळावे.

दार उघडे ठेवून गीझर चालवा, बादली भरा, गीझर बंद करा, पाच-दहा मिनिटे हवा खेळू द्या, आणि मग दार लावून अंघोळ करा. गीझर चालू आणि दार बंद, हे दोन्ही एकाच वेळी होता कामा नये. घरातल्या लहानथोर सगळ्यांना हे एक वाक्य पाठ हवे.

मोरीला वर एक झरोका आणि दाराच्या तळाशी एक जाळी, दोन्ही कायम उघडी ठेवा. आडोसा हवा असेल तर तिरप्या पट्ट्यांची खिडकी लावा. तिच्यातून दिसत नाही, पण हवा येते. दाराला आतून अशी कडी लावा की गरज पडल्यास बाहेरून पट्टी घालून उघडता येईल. आत कुणी असेल तर दर पाच मिनिटांनी बाहेरून हाक मारा. ज्योत पिवळी दिसली किंवा गीझरवर काळे डाग पडले, तर त्या दिवसापासून तो वापरू नका. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमारास, तो उघडून साफ करून घ्या.

गीझरच नको असेल तर हिशेब असा आहे. वीस लिटरची बादली अंघोळीइतकी गरम करायला गॅस लागतो साधारण ५० ग्रॅम, आणि वीज लागते अर्ध्या युनिटच्या थोडी वर. विजेचा साठवणीचा गीझर आत लावला तरी त्यातून हा विषारी वायू निघत नाही, मात्र अर्थिंग चांगले हवे. तळव्याला पाणी असताना लोखंडी बादलीत रॉड टाकणे हा वेगळा जीवघेणा प्रकार आहे. हवेशीर स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी तापवून मोरीत नेणे ही जुनी रीतही वाईट नाही. फक्त लहान मुले पायात येत नाहीत ना, ते पाहावे. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कधीही ठेवू नका. तिच्यातूनही हाच वायू निघतो.

कुणी आत पडले तर

दार उघडा, गरज पडली तर तोडा. आधी एक मोठा श्वास बाहेर घ्या, आत जाऊन गीझर बंद करा आणि त्या व्यक्तीला ओढून उघड्यावर आणा. कपडे नाहीत म्हणून थांबू नका, चादर टाका आणि बाहेर काढा. ही लाज माणसाचा जीव घेते.

१०८ ला फोन करा. श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवा. कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात पाणी घालू नका. श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा, रुग्णवाहिका येईपर्यंत.

शुद्ध आली तरी रुग्णालयात न्याच. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर एक-दीड तासात तो निम्मा होतो. बोटाला लावायचे ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र अशा वेळी ९८, ९९ दाखवते, कारण त्याला दोन वायूंतला फरक कळत नाही. तो आकडा पाहून कुणी घरी पाठवत असेल, तर नम्रपणे पण ठामपणे सांगा की गॅस गीझरचा धूर लागला आहे, रक्त तपासा आणि ऑक्सिजन लावा. घरी आल्यावर काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी विसरभोळेपणा, चालण्यात तोल जाणे, स्वभाव बदलणे दिसले तर पुन्हा दाखवा. ही त्याच विषाची उशिरा दिसणारी लक्षणे असू शकतात.

गॅसगळतीचा वास आला तर १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. दिव्याची कळ दाबू नका, रेग्युलेटर बंद करा, दारे उघडा.

वस्तीने मिळून करायचे काम

एकट्या घराला प्लंबर बोलावणे महाग पडते. दहा घरांनी एकाच दिवशी बोलावला तर मजुरी वाटून जाते आणि पाइपही ठोक भावात मिळतो. येत्या रविवारी विहारात जमाल, तेव्हा महिला मंडळाने आणि तरुण मुलांनी एवढीच यादी करावी, की कुणाच्या घरी गॅस गीझर आहे, तो आत आहे की बाहेर, नळी कधीची आहे, घरात गरोदर बाई आहे का. ज्यांचा आत आहे त्यांची घरे आधी घ्यावीत, आणि त्यांतही गरोदर बाईचे घर सर्वांत आधी. भाडेकरूंच्या घरमालकाशी एकट्या भाडेकरूने बोलण्यापेक्षा चार जणांनी मिळून बोलावे. भिंतीला भोक पाडायला अर्धा तास लागतो, आणि सिमेंटने ते बुजवताही येते.

थंडी अजून दोन-अडीच महिने आहे. यादी याच रविवारी करा.